नाद खुळा, खिसा मोकळा!

आमच्या घरात नवा स्पीकर किंवा अॅम्प्लिफायर आला की पहिले तीन दिवस दसरा असतो. गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी! चौथ्या दिवशी जरा ढग जमतात. आठवडा उलटला की ‘आवाज जरा दबल्यासारखा वाटतोय का गं?’ अशी कुजबूज सुरू होते. आणि दहाव्या दिवशी खरोखरच कुणाचं तरी दहावं असल्यासारखे आमचे हे सोफ्यावर तोंड पाडून बसतात. कारण विचारायची गरजच नसते. उत्तर ठरलेलं. ‘‘चुकलंच. तो दुसरा घ्यायला हवा होता.’’

मैत्रिणींनो, ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आवाज आणि दुसरा खूळ. हे दोन्ही अर्थ एकाच माणसात कसे राहतात, ते बघायचं असेल तर आमच्याकडं या. तसं कोल्हापूर हे नादाचंच गाव. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला पेठेतल्या फुटबॉलचा, कुणाला पाडव्याला म्हैस सजवून पळवण्याचा. पण म्हैस निदान दूध तरी देते हो! आमच्या ह्यांचा नाद हाय-फायचा. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. फिडेलिटी म्हणजे इमान, निष्ठा. गायकाच्या गळ्यातून निघाला तसाच्या तसा आवाज आपल्या दिवाणखान्यात पोचवायचा, हे ते इमान. अर्थात हे इमान फक्त आवाजाशी. स्पीकर दर दोन वर्षांनी बदलतात.

लग्नात माझ्या माहेरून टू-इन-वन आला होता. त्यावर सकाळी सांगली आकाशवाणी आणि दुपारी कॅसेट लागायची, संसार सुखाचा चालला होता. मग डेक आला. मग पुण्याहून कुणीतरी जोडून दिलेला अॅम्प्लिफायर. २०१२ साली एक देखणी, उंच, लाकडी स्पीकरची जोडी आली. मला ती फार आवडायची. आवाजासाठी म्हणाल तर होतीच छान, शिवाय वर फुलदाणी ठेवता यायची. पण दोन-तीन वर्षांनी ह्यांना वाटायला लागलं, की ‘वरचा सूर उघडत नाही’. झांजेची किणकिण, तबल्याच्या चाटीची टणक, तंबोऱ्याच्या जवारीची धार... सगळं म्हणे गोधडीखालून येतंय. ती जोडी निम्म्या किमतीत ह्यांच्या एका शिक्षक मित्राला दिली. तेव्हापासून तीन अॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या दोन जोड्या घरातून गेल्या. प्रत्येकाचं मरण एकाच रोगानं. वरचा सूर उघडत नाही!

या नादाचं एक मंडळ आहे. रविवारी सकाळी मिसळ खायला जमतं. तर्रीचा पहिला घोट घेईपर्यंत सगळे सुखी असतात. मग कुणीतरी म्हणतो, ‘‘मी घेतला ना, त्याचं नवीन मॉडेल आलं बघा.’’ झालं! प्रत्येकाच्या दुःखाची जात वेगळी. बँकेतल्या एकाचं दुःख असं, की त्यानं घेतलं आणि महिन्यात किंमत उतरली. उद्यमनगरात ज्यांची फौंड्री आहे, त्यांचं उलट. त्यांना ओतीव लोखंडाचे स्टँड स्वतःच्याच भट्टीत फुकट करून मिळाले आणि आता त्या स्टँडना शोभतील असे स्पीकर घेण्यात ते बुडालेत. स्टँड एवढे जड आहेत, की २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा सगळं वाहत होतं, हे दोघे जागेवर उभे. त्या रात्री भावजींनी गव्हाच्या कोठीआधी स्पीकर माडीवर नेले. वहिनींनी त्यावर अजून माफी दिलेली नाही.

पण सगळ्यात भारी किस्सा त्या शिक्षक भावजींचा. त्यांनी एक सेट घेतला आणि घरी सांगताना किमतीतलं एक शून्य गाळलं. बायको खूश. इतकी खूश, की तिनं माहेरी फोन केला. आठ दिवसांत मेव्हणे दारात. ‘‘दाजी, साडेचार हजारात एवढा झकास सेट? माझ्यासाठी पण एक आणा की!’’ वर रोख साडेचार हजार हातावर ठेवले. दाजी काय बोलणार? एकदा गाळलेलं शून्य परत कसं लिहायचं? पतसंस्थेचं कर्ज काढून मेव्हण्यांना सेट आणून दिला म्हणे. मला हे त्यांच्या बायकोनंच सांगितलं. तिला पहिल्या दिवसापासून किंमत माहीत होती. खोक्यात बिल होतं!

आता आपण बायकासुद्धा खरेदी करून हळहळतो, नाही असं नाही. महाद्वार रोडवर चाळीस साड्या उलगडायला लावून घेतलेली एकेचाळिसावी साडी घरच्या ट्यूबलाइटखाली भलत्याच रंगाची दिसते. पण आपल्याकडं एक युक्ती असते. फॉल-पिको करेपर्यंत साडी आपली नसते. ती कपाटावर पिशवीतच राहते. जाऊबाई बघतात, शेजारच्या काकू बघतात, दोन दिवस जातात. मन लागलं तर फॉल, नाहीतर बदलून. पुरुषांच्या खरेदीला फॉल-पिको नसतं. रिक्षातून उतरायच्या आतच खोकं फाडलेलं असतं.

बरं, गुजरीतून घेतलेल्या सोन्याची कुणी कधी हळहळ केलेली ऐकलीय का? दर चढतच जातो, वाईट वाटायला जागाच राहत नाही. हे म्हणतात, ‘‘ही पण इन्व्हेस्टमेंटच आहे.’’ मी म्हटलं, असली कसली इन्व्हेस्टमेंट, जी खोकं उघडलं की निम्म्यावर येते?

या हळहळीवर शास्त्रज्ञांनीही डोकं चालवलंय. लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की दोन न पटणाऱ्या गोष्टी मनात एकत्र नांदल्या की माणूस बेचैन होतो. ‘मी शहाणा आहे’ ही एक आणि ‘मी साठ हजार घालवले’ ही दुसरी. मग ती बेचैनी मिटवायला माणूस आपणच घेतलेल्या वस्तूचे गुण शोधत बसतो. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की नवी गाडी घेतलेले लोक त्याच गाडीच्या जाहिराती जास्त वाचतात. आमच्याकडं याचा पुरावा रोज मिळतो. खरेदीच्या आधी महिनाभर हे त्या यंत्राबद्दल वाचतात, हे समजू शकते. पण खरेदीनंतर दोन महिने वाचतात! त्यात कुणीतरी वाईट लिहिलेलं सापडलं की जेवण जात नाही.

दुकानदारांनी या हळहळीवर एक नामी औषध काढलंय. त्याला म्हणतात ‘बर्न-इन’. नवा स्पीकर आवडला नाही अशी तक्रार केली, की ते सांगतात, ‘‘साहेब, अजून मोकळा झाला नाही. दोनशे तास वाजू दे.’’ दोनशे तास! रोज दोन तास लावला तरी तीन महिने जातात. तोवर बदलून मागायची हिंमत उरत नाही. मला यात आपली कोल्हापुरी चप्पल आठवते. नवी चप्पल चावते, मग तिला तेल पाजायचं, पंधरा दिवस सोसायचं आणि एक दिवस ती मऊ होते. चप्पल मऊ झाली की पायाला घट्टे पडले, हे कोण सांगणार! स्पीकरचं थोडंफार सैल होत असेलही, पण माझा संशय कानावर आहे. कान रुळतो.

जुन्या रेकॉर्डचा विषय मी एरवी काढत नाही, कारण तो दुखरा आहे. सासऱ्यांच्या वीस-पंचवीस एल.पी. होत्या. सासूबाईंनी त्यातल्या काही गरम पाण्यात मऊ करून, कडा मुडपून त्यांच्या फळं ठेवायच्या नक्षीदार परड्या केल्या. त्या काळी बायकांच्या मासिकांत असल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ कृती यायच्या, आठवतंय ना? उरलेल्या भंगारवाल्याला गेल्या. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कॅसेट आली होती. आणि आता बघा, २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. ह्यांनी त्यातल्याच एका रेकॉर्डचे हल्ली आठशे रुपये मोजले. तीच रेकॉर्ड आमच्याकडं अजून आहे. तिच्यात कांदे-लसूण ठेवते मी.

पण मला कधी कधी वाटतं, याच गावात आवाजाचं केवढं मोठं धन होतं. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादियाँ खाँ होते. देवल क्लब १८८३ पासूनचा. केसरबाई केरकर लहानपणी काही महिने इथंच अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, पुढं अल्लादियाँ खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर घालून अमेरिकेनं अंतराळात पाठवली. बरोबर वाजवायला सुई आणि काडतूससुद्धा दिलंय, कुणी भेटलंच तर वाजवून बघावं म्हणून. सगळ्या ग्रहांच्या पार पलीकडं गेली ती. तिथून अजून तरी ‘केबल जरा जाड हवी होती’ अशी तक्रार आलेली नाही. इथं मात्र देवल क्लबच्या मैफिलीत, माईकशिवायचं गाणं ऐकताना, शेजारी बसून हे माझ्या कानाशी पुटपुटले होते, ‘‘बेस कमी वाटतोय नाही?’’ अहो, माणूस गातोय समोर!

केबलचं नाव निघालंच आहे तर ते सांगते. ह्यांनी नऊ हजारांची केबल आणली. नऊ हजार! तेवढ्यात माझी स्वयंपाकघरातली चिमणी बसली असती, जी चार वर्षं ‘पुढच्या बोनसला’ होती आणि आता बोनसच संपले. लेक दिवाळीला पुण्याहून आली होती. ती म्हणाली, ‘‘बाबा, डोळे बांधून सांगाल का कुठली केबल ते?’’ हे तयार. माझी ओढणी डोळ्यांवर बांधली. लेक सेटच्या मागं बसली. दहा वेळा गाणं लावायचं, दर वेळी ह्यांनी ओळखायचं.

पहिल्या तीन वेळा तिनं काहीच बदललं नाही. नुसती खोकायची, तारा खडखडवायची. हे म्हणाले, ‘‘पहिली जुनी. दुसरी... आहाहा, ही नवी! पडदा उघडल्यासारखं झालं बघ. तिसरी पुन्हा जुनी, लगेच कळतं.’’ मी पदर तोंडात कोंबून बसले होते. शेवटी दहातली पाच बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पाच आली असती! ओढणी काढल्यावर ह्यांचं म्हणणं, की गाठ कानावर आल्यामुळं दाब पडला.

ह्यांचंच असं होतं असं नाही बरं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एका स्पीकर कंपनीतल्याच लोकांवर असा प्रयोग केला होता. पडद्याआड ऐकवलं तेव्हा एक मत आणि स्पीकर डोळ्यांना दिसले तेव्हा वेगळं. मोठे, महागडे, देखणे स्पीकर दिसले की त्यांचे गुण वाढले. ज्यांचा धंदाच तो, त्यांची ही गत, मग आमच्या ह्यांना काय दोष द्यायचा?

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. तिच्याकडं तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. गाणं थांबलेलं असताना लेक म्हणाली, ‘‘बाबा, या अॅम्प्लिफायरमधून बारीक ‘चींऽऽ’ येतंय.’’ मलाही यायचं ते. मला वाटायचं, असंच असेल. हे अगदी जवळ जाऊन, कान लावून आले. ‘‘कुठं? काही नाही. तुम्हा दोघींना भास होतोय.’’ हा अॅम्प्लिफायर गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाल्यावर, फंडाच्या पैशातून आला होता. त्याची किंमत इथं लिहीत नाही. माझी आई हे पान वाचते.

या निमित्तानं एक कामाची माहिती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं, वस्तूत दोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, दुकानदारानं ती परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असली तरी दोष असलेल्या वस्तूला ती लागू नाही. म्हणून पक्कं बिल घ्या आणि अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मात्र ‘मन बदललं’ हा दोष कायद्यात बसत नाही. म्हणजे आमच्याकडं गंमत बघा. ज्या गोष्टीसाठी हे हळहळत होते, तो वस्तूतला दोष नव्हता. आणि जो खरा दोष होता, तो ह्यांना ऐकूच येत नव्हता!

हे कळलं पन्हाळ्यावर.

पावसाळा संपता संपता आम्ही दोघं एक रात्र पन्हाळ्यावर राहायला गेलो. रात्री जेवून तटाकडं फिरायला निघालो. दिवे लांब राहिले आणि चहूकडून रातकिड्यांनी असा काही ताल धरला होता, की मला ह्यांच्याशी बोलताना आवाज चढवावा लागत होता. हे मात्र हात पाठीशी बांधून, दीर्घ श्वास घेऊन म्हणाले, ‘‘काय शांतता आहे नाही! अगदी टाचणी पडली तरी ऐकू येईल.’’

मी थांबले. म्हटलं, ‘‘अहो, रातकिडे केवढे ओरडतायत.’’

‘‘कुठं?’’

मी काही बोलले नाही. पण खोलीवर आल्यावर एकेक आठवायला लागलं. फ्रीजचं दार उघडं राहिलं की वाजणारी पिपाणी ह्यांना कधीच ऐकू येत नाही. फोनवर लेकीचं बोलणं ‘स्पष्ट येत नाही’ म्हणून माझ्याकडं देतात. मी ‘चहा ठेवू का?’ विचारलं की म्हणतात, ‘‘सहा? अजून साडेपाचच वाजलेत.’’ यावर आम्ही किती हसलोय! आणि किती भांडलोय. ‘तू हल्ली पुटपुटतेस’ हे गेल्या चार-पाच वर्षांतलं ह्यांचं पेटंट वाक्य. मी हळूहळू बोलायचंच कमी केलं होतं. तेच वाक्य तीनदा सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं वाटायला लागतं हो.

कानाच्या डॉक्टरांकडं न्यायला दीड महिना गेला. ‘‘माझे कान? अगं, माझ्या कानांवर तर मंडळ चालतं!’’ शेवटी लेकीनं फोनवरून दम दिला. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. हेडफोन बघून स्वारी जरा खुलली होती. मॉडेल कुठलं म्हणून विचारलंसुद्धा.

मग कागद हातात आला. त्यावरची रेघ सुरुवातीला सपाट होती आणि मग एकदम खाली, पन्हाळ्याच्या तटावरून दरीत उतरावी तशी. डॉक्टर बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढलं की आधी वरचे, बारीक सूर जातात, आणि पुरुषांचे बहुधा बायकांपेक्षा लवकर जातात. कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात, त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ यांची ओळख त्या वरच्या पट्टीतच असते. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. चहाचे सहा होतात ते तिथं.

वयाबरोबर आवाजाचाही मार असतो. ‘‘मोठ्या आवाजात कधी काम केलंत का?’’ त्यांनी विचारलं. काम नाही, पण तरुणपणी पेठेतल्या मंडळात हे पुढं असायचे आणि मिरवणुकीत नेमके स्पीकरच्या भिंतीसमोर नाचायचे. आपल्याकडं त्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. यातला विनोद मला ह्यांनीच पूर्वी सांगितला होता. रे डॉल्बी हा माणूस १९६३ ते १९६५ संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ मध्ये लंडनला त्यानं कंपनी काढली आणि पहिला शोध लावला तो टेपवरची खसखस कमी करायचा. जुन्या डेकवर ‘डॉल्बी’चं बटण असायचं ते त्याचंच. ज्यानं जन्मभर नको तो आवाज कमी केला, त्याचं नाव आपण खिडक्यांच्या काचा हादरवणाऱ्या यंत्राला दिलं! जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० ला फक्त चार तास. मिरवणुकीतली भिंत त्याच्याही वर जाते. आता पोरांना हे कोण सांगणार, आणि त्या गोंगाटात ऐकणार कोण?

रिक्षात हे गप्प होते. बिंदू चौक गेला तरी गप्प. मग म्हणाले, ‘‘म्हणजे त्या २०१२ च्या जोडीत काही वाईट नव्हतं.’’

मैत्रिणींनो, तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांची हळहळ खूप बघितली. पण ही वेगळी होती. एवढ्या वर्षांत यंत्रामागून यंत्र आणलं, प्रत्येकाला नावं ठेवली, आणि जे हरवलं होतं ते खोक्यात मिळणारच नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी शिक्षक मित्राला फोन लावला. ती जोडी परत देता का, म्हणून. स्पीकरफोनवर होता, मीही ऐकला. ‘‘छे हो! जगात भारी जोडी हाय ती. तुम्ही कशी काय विकली तेच मला अजून कळंना.’’

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं, दोन्ही कानांना. किंमत ऐकल्यावर आमच्या ह्यांनी जे तोंड केलं, ते मी कधीच विसरणार नाही. नऊ हजारांची तार डोळे मिटून घेणारा हा माणूस म्हणतो काय, ‘‘एवढ्याशा बटणाला एवढे पैसे? आणि लोक काय म्हणतील? म्हातारा झाला म्हणतील.’’ त्या बाई शांतपणे म्हणाल्या, की लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी २०२४ च्या अहवालातही, मध्यम वयातलं बहिरेपण दुर्लक्षित राहिलं तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो असं म्हटलंय. हे जरा चपापले. मग तडजोडीला आले. ‘‘मग एकाच कानाला घेऊ या का?’’

मी म्हटलं, ‘‘का? स्पीकर कधी एकच आणला होतात का?’’

यंत्रं आधी आठ दिवस वापरून बघायला मिळाली. म्हणजे यालाही फॉल-पिको असतं तर! पहिल्या दिवशी घरभर कुरकुर. मिक्सर केवढा ओरडतो, पेपरची पानं एवढी वाजतात का, नळ कुठं ठिबकतोय. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून, ओट्याकडं तोंड करून, सवयीनं स्वतःशीच म्हटलं, ‘‘कोथिंबीर संपली वाटतं.’’ आणि बाहेरून उत्तर आलं, ‘‘आणतो.’’ मी हातातली सुरी खाली ठेवली. किती दिवसांनी कुणी न सांगता ऐकलं होतं!

तिसऱ्या दिवशी सेट लावला. पाच मिनिटांत धावत आत आले. ‘‘अगं! अॅम्प्लिफायरमधून चीं येतंय!’’

‘‘वर्ष झालं येतंय,’’ मी म्हटलं.

गॅरंटी होती, म्हणून तो दुरुस्तीला गेला. पंधरा दिवसांनी परत आला, पण चीं तशीच! दरम्यान रविवारी मंडळ आमच्याकडं आलं. फौंड्रीवाले भावजी त्या अॅम्प्लिफायरला कान लावून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘कुठली चीं? मला काय बी ऐकू येत न्हाई. झकास वाजतोय की! तुम्हाला नको असंल तर मीच घेतो.’’ आमचे हे हिशोबाला बसणार, एवढ्यात मी आत जाऊन त्यांच्या घरी फोन लावला.

‘‘वहिनी,’’ मी म्हटलं, ‘‘सेट घ्यायच्या आधी भावजींचे कान एकदा तपासून घ्या.’’

‘‘अहो, मी दहा वर्षं हेच सांगत्ये त्यांना,’’ पलीकडून आवाज आला, ‘‘पण ऐकू येतंय कुणाला?’’